रंगाला जागा हवी

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रातल्या घरोघरी दोन पिवळे रंग समोरासमोर येतात. एक घटाच्या धानाचा. देवघरातल्या अंधूक उजेडात, फुलांच्या माळांखाली नऊ दिवस वाढलेले ते कोंब लांबट, नाजूक आणि फिकट पिवळे असतात. दसऱ्याला ते टोपीत, फेट्यात, केसांत खोवतात. दुसरा रंग दाराच्या तोरणातल्या झेंडूचा. दोन्हींचा पिवळेपणा कॅरोटिनॉइड या एकाच कुळातल्या रंगद्रव्यांमुळे येतो, ल्युटीन तर दोन्हीकडे असतं. पण घट उठवल्यावर तेच धान मातीसकट उन्हात ठेवलं, तर काही तासांत त्यावर हिरवी झाक येते आणि एक-दोन दिवसांत पानं हिरवीगार होतात. झेंडूची पाकळी उन्हात कितीही राहिली तरी हिरवी होत नाही. द्रव्य तेच असताना वागणं इतकं वेगळं का, याचा शोध घेत गेलं की रंगद्रव्यापेक्षा ते पेशीत जिथे राहतं त्या जागेकडे लक्ष वळतं.

त्या जागेचं नाव लवक. शाळेत लवकांचे प्रकार पाठ करून घेतात: हिरवी ती हरितलवकं, इतर रंगांची ती वर्णलवकं, बिनरंगी ती अवर्णलवकं. त्या तक्त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. हे प्रकार कायमचे नसतात. बी रुजताना पेशीत असतात ती अगदी साधी, लहान, रंगहीन लवकं. त्यांतलीच काही पानात हरितलवकं होतात, काही बटाट्यात पिठाने भरतात, काही पाकळीत वर्णलवकं होतात. झालेलं रूपही बदलू शकतं. टोपलीत उजेडाला राहिलेल्या बटाट्यावर हिरवे डाग पडतात, तेव्हा पिठाने भरलेली लवकं हरितलवकं होत असतात. टोमॅटो पिकतो तेव्हा हरितलवकांची वर्णलवकं होतात. हे रूपांतर आणि रंगद्रव्याची निर्मिती या दोन गोष्टी एकमेकींना कशा धरून चालतात, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

कॅरोटिनॉइडांची ओळख तशी जुनी. 1831 साली हाइनरिश वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला गाजराचंच नाव दिलं, कॅरोटीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून झिरपू दिला. एकजीव हिरव्या दिसणाऱ्या अर्काचे नळीत हिरवे आणि पिवळे पट्टे पडले. क्रोमॅटोग्राफी ही पद्धत तिथून सुरू झाली, आणि प्रत्येक हिरव्या पानात पिवळी रंगद्रव्यं दडलेली असतात हेही डोळ्यांना दिसलं. पुढे पॉल कारर यांनी 1930 च्या सुमारास बीटा कॅरोटीनची रचना उलगडली. 1937 च्या नोबेल पारितोषिकामागे या कामाचा मोठा वाटा होता. आज निसर्गातली 800 हून अधिक कॅरोटिनॉइडं माहीत आहेत. बहुतेकांचा सांगाडा 40 कार्बन अणूंच्या लांब साखळीचा. साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात. ते निळा प्रकाश शोषतात आणि म्हणून ही द्रव्यं आपल्याला पिवळी, केशरी, लाल दिसतात.

रंगाची हौस हे मात्र वनस्पतीला ही द्रव्यं लागण्याचं पहिलं कारण नाही. हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पण शोषलेली सगळी ऊर्जा वापरली गेली नाही तर तीच पानाला जाळते. तो अतिरेक कॅरोटिनॉइडं झेलतात. नॉरफ्लुराझॉन नावाचं तणनाशक नेमकं यांच्या निर्मितीतल्या एका सुरुवातीच्या पायरीवर बोट ठेवतं. ती पायरी अडली की नवी पानं पांढरीफटक निघतात. त्यांत हरितद्रव्य तयार होऊ लागतं, पण राखणदार नसल्याने उजेडातच नष्ट होतं. भर दुपारी उन्हाचा मारा वाढला की पानातलं व्हायोलाझँथिन काही मिनिटांत झिआझँथिनमध्ये बदलतं आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून द्यायला मदत करतं. सावली आली की उलट फिरतं. पानाचा रंग आपल्याला तसाच दिसतो, आत मात्र हा फेरफार रोज चालू असतो.

शिवाय कॅरोटिनॉइडं तोडून वनस्पती संदेशही बनवते. पाण्याची ओढ पडली की पानांची रंध्रं मिटवणारं ॲब्सिसिक आम्ल यांच्यापासूनच तयार होतं. मुळांतून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन ही संप्रेरकंही यांचीच लेकरं. जमिनीतल्या उपकारक बुरशीला ती बोलावतात. पण ज्वारीच्या शेतात त्यांचा माग दुसऱ्याच कुणाला लागतो. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि जवळच्या मुळातून हा संदेश आला की उगवतं. ज्या तणाने पिकं बुडवली, त्याच्या बियांना जागं करणारं द्रव्य पिवळ्या रंगद्रव्याच्या कुळातलं असावं, ही गोष्ट विषयाचा पसारा किती मोठा आहे ते सांगते.

एवढं महत्त्वाचं द्रव्य कधी, कुठे आणि किती बनवायचं, यावर बंधन हवंच. गंमत अशी की कॅरोटिनॉइडं बनतात लवकात, पण ती बनवणाऱ्या विकरांची जनुकं लवकात नसतात. लवकं ही फार पूर्वी पेशीने पोटात घेतलेल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंची वंशज. त्यांच्याकडे स्वतःचा डीएनए आहे, पण त्यात साधारण शंभरेक जनुकंच उरली आहेत. बाकीचा कारभार केंद्रकाकडे गेला. म्हणजे आदेश केंद्रकातून निघतो, विकर बाहेर पेशीद्रवात तयार होतं आणि लवकाच्या दुहेरी आवरणातून आत नेलं जातं. आत पुरेशी जागा, योग्य पटलं आणि प्रथिनं नीट घडवणारे मदतनीस नसतील, तर आलेलं विकर निकामी होतं. या विषयावरचं बरंच संशोधन या एका अडचणीभोवती फिरतं.

मुख्य फाटक एकच. 20 कार्बनांचे दोन रेणू जोडून 40 कार्बनांचं फायटोईन बनवणारं विकर, फायटोईन सिंथेज. तेच 20 कार्बनांचे रेणू हरितद्रव्याच्या शेपटीसाठी लागतात, जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकासाठीही लागतात. त्यामुळे या फाटकातून किती माल कॅरोटिनॉइडांकडे वळवायचा हे पेशीला जपून ठरवावं लागतं. फायटोईन स्वतः बिनरंगी. त्यात पायरीपायरीने दुहेरी बंध वाढत जातात तसा रंग चढतो आणि लाल लायकोपीन तयार होतं. तिथे वाट फुटते. साखळीची दोन्ही टोकं एका पद्धतीने वळली की केशरी बीटा कॅरोटीन. एक टोक एका पद्धतीने आणि दुसरं वेगळ्या पद्धतीने वळलं की अल्फा कॅरोटीन आणि पुढे ल्युटीन.

आता पुन्हा घटाच्या धानाकडे पाहिलं तर ते वेगळं दिसतं. अंधारात वाढणाऱ्या रोपात पीआयएफ या गटातली प्रथिनं फायटोईन सिंथेजच्या जनुकावर ठाण मांडून बसतात आणि त्याचं काम मंद ठेवतात. पानातली लवकंही अर्धवट अवस्थेत थांबतात. त्यांना इटिओप्लास्ट म्हणतात. आत बारीक नळ्यांची स्फटिकासारखी रेखीव जाळी असते, तिच्यात हरितद्रव्याचा कच्चा रेणू प्रकाशाची वाट पाहत असतो आणि सोबत थोडी ल्युटीन-व्हायोलाझँथिनसारखी कॅरोटिनॉइडं. कोंबाला येणारा पिवळा रंग तो हाच. उजेड पडला की फायटोक्रोम हा प्रकाशग्राही रेणू जागा होतो, पीआयएफ प्रथिनं मोडीत निघतात, जनुक मोकळं होतं. हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड दोन्ही बरोबरीने वाढतात आणि नळ्यांची जाळी उलगडून हरितलवकाची पटलं तयार होतात. या क्षणी कॅरोटिनॉइड कमी पडलं तर नुकतं बनलेलं हरितद्रव्यच रोपाला मारक ठरेल, म्हणून दोघांची मात्रा एकाच कळीने चालते.

नियंत्रण उलट दिशेनेही जातं, हे त्याहून विलक्षण. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपट्यात लायकोपीनपूर्वीची एक पायरी बिघडली, तर अंधारातल्या लवकात ती नळ्यांची जाळीच घडत नाही, आणि उजेडात आल्यावर रोप हिरवं व्हायला उशीर लागतो. हे 2002 साली दाखवलं गेलं. म्हणजे रंगद्रव्याच्या साखळीतला एखादा टप्पा अडला की लवकाची बांधणीही अडते. 2020 साली आणखी थेट पुरावा आला. तंबाखूच्या एका नातेवाइकाच्या हिरव्या पानात जिवाणूचं फायटोईन बनवणारं जनुक घातलं. काही दिवसांत पान पिवळं पडलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिथली हरितलवकं वर्णलवकं होऊ लागली होती. फायटोईन भरमसाठ झाल्याबरोबर घराने आपला आराखडा बदलला.

या सगळ्या गोष्टी टोमॅटोत एकत्र भेटतात. टोमॅटोत फायटोईन सिंथेजची तीन जनुकं आहेत. एक मुख्यतः फळासाठी, एक पानांसाठी, एक मुळांसाठी. फळाचं जनुक मोडलं की पिवळट गराचा टोमॅटो मिळतो, पण झाडाची पानं ठणठणीत हिरवी राहतात, कारण त्यांचं फाटक वेगळं. टँजरीन नावाच्या केशरी वाणात पुढची एक पायरी अडलेली असते. तर बीटा नावाच्या वाणात लायकोपीनला बीटा कॅरोटीनकडे नेणारं विकर फळात जास्त काम करतं आणि फळ केशरी होतं. शंभर वर्षं वाण निवडणाऱ्यांनी केवळ रंग पाहून जे वाण जपले, त्यांच्यातूनच नंतर हा मार्ग पायरीपायरीने वाचता आला.

पिकणं सुरू कसं होतं? इथिलीन वायू, आणि आरआयएन नावाचं जनुकांचं सूत्र हाती धरणारं प्रथिन, या दोघांचा मोठा वाटा. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 2016 साली त्यात एक सुंदर भर घातली. कच्च्या फळाचा हिरवा गर स्वतःच गाळणीचं काम करतो: त्यातून जाणाऱ्या प्रकाशातला लाल भाग हरितद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे आतल्या पेशींना आपण दाट सावलीत आहोत असं वाटतं. सावलीत पीआयएफ प्रथिन टिकतं आणि फळाचं फायटोईन सिंथेज दाबून ठेवतं. हरितद्रव्य मोडू लागलं की लाल प्रकाश आत पोचतो, पीआयएफ जातं, रंग भरू लागतो. फळ किती पिकलं आहे, हे त्याला स्वतःच्याच हिरवेपणावरून कळतं. हरितलवकांतून वर्णलवकं होताना आतली प्रकाशसंश्लेषणाची पटलं विरतात आणि लायकोपीनचे सुईसारखे लाल स्फटिक उभे राहतात. पिकलेल्या टोमॅटोच्या गराचा पातळ थर साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी ते दिसतात.

नारायणगाव किंवा नाशिक भागातल्या शेतकऱ्याला याची एक बाजू अनुभवाने माहीत आहे: कडक उन्हाळ्यात टोमॅटो पिकतो, मऊ होतो, पण लालभडक होत नाही, पिवळसर-केशरी राहतो. तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिलं की लायकोपीन बनणं मंदावतं, बीटा कॅरोटीन मात्र बनत राहतं. केळ्यातही उष्णतेचा असाच, पण वेगळ्या टप्प्यावरचा अडथळा आहे. कॅव्हेंडिश गटातलं केळं 24 अंशांच्या वर पिकवलं तर सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही, आणि आतून गोड झालेलं फळ बाहेरून हिरवं राहतं. पिकवण्याच्या खोल्यांत तापमानावर इतकी नजर असते ती म्हणूनच. केळ्याच्या सालीचा पिवळा रंग बराचसा आधीपासून तिथे होताच. हिरवा उतरला की तो उघडा पडतो.

पपईची गोष्ट याहून सरळ. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी लाल गराची पपई आणि जुनी पिवळ्या गराची पपई यांत फरक पाडणारं जनुक लायकोपीनचं बीटा कॅरोटीन करणारं आहे. लाल पपईत त्या जनुकात फक्त दोन अक्षरं जादा घुसली आहेत. विकर अर्धवट राहतं आणि लायकोपीन तसंच साठतं. बाजारात जिला जास्त मागणी, तो लाल रंग एका मोडलेल्या जनुकाची देणगी आहे.

इथवर रंग कमी-जास्त होण्याची कारणं निर्मितीच्या साखळीत सापडत गेली. फुलकोबीने ही समजूत बदलली.

1970 च्या सुमारास कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ब्रॅडफर्ड मार्श इथे पांढऱ्या फुलकोबीच्या शेतात एक केशरी गड्डा आढळला. त्याचं बी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पैदासकारांकडे पोचलं. बदल एकाच जनुकातला होता आणि ठळकपणे वारशाने जाणारा. एका पालकाकडून आला तर गड्डा सुंदर केशरी; दोन्हीकडून आला तर रंग आणखी गडद, पण झाड खुरटं. तिथल्या संशोधक ली ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली ते जनुक शोधून काढलं. त्याला ऑर म्हणतात. अपेक्षा होती की हे रंगद्रव्य बनवणारं एखादं विकर असेल किंवा त्या विकरांची जनुकं जोरात चालवणारं काही असेल. दोन्ही खोटं ठरलं. केशरी गड्ड्यात निर्मितीची जनुकं पांढऱ्या गड्ड्याइतकीच चालत होती. ऑर हे इतर प्रथिनांना नीट घडायला मदत करणाऱ्या प्रथिनांच्या जातीचं निघालं, आणि त्यातल्या बदलामुळे पांढऱ्या गड्ड्यातली बिनरंगी लवकं वर्णलवकं होत होती. दोन्हीकडून बदल आलेल्या झाडाच्या पेशीत नेहमीच्या अनेक लहान लवकांऐवजी एक-दोन मोठी वर्णलवकं दिसली, आत बीटा कॅरोटीनच्या पटलांच्या गुंडाळ्या.

म्हणजे पांढऱ्या फुलकोबीत कॅरोटीन बनवायची ताकद होतीच. ठेवायला जागा नव्हती. या एका निरीक्षणाने संशोधनाचा रोख साठवणुकीकडे वळवला. 2015 साली दाखवलं गेलं की ऑर प्रथिन फायटोईन सिंथेजला थेट जाऊन जुळतं आणि त्याला टिकवून धरतं, म्हणजे घर बांधणाराच फाटकही सांभाळतो. त्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनी खरबुजात त्याच जनुकाचं दुसरं रूप शोधलं: प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं, आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलं, की हिरव्या-पांढऱ्या गराचं खरबूज केशरी होतं. भारतात भारतीय कृषी संशोधन संस्थेने साध्या संकरातून हाच गुण फुलकोबीत आणला आणि 2015 साली 'पुसा बीटा केसरी 1' हा वाण दिला. त्याच्या दर किलो गड्ड्यात 8 ते 10 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. एरवीच्या पांढऱ्या गड्ड्यात ते नगण्य.

साठवण जशी महत्त्वाची, तशी विल्हेवाटही. पांढरी शेवंती याचं उत्तम उदाहरण. जपानमधल्या अकेमी ओहमिया आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं की पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्यांतही कॅरोटिनॉइडं बनतात, पण एक विकर ती लगेच तोडून टाकतं. त्या विकराचं जनुक गप्प केल्यावर पांढरी शेवंती पिवळी उमलली. झेंडूचं तंत्र निराळं. त्याच्या फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतच्या छटांत मुख्य रंगद्रव्य एकच, ल्युटीन. फरक केवळ प्रमाणाचा. पाकळीत ते स्निग्धाम्लांना बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे वर्णलवकात दाटीवाटीने मावतं. कोंबड्यांच्या खाद्यात आणि डोळ्यांसाठीच्या गोळ्यांत घालायचं ल्युटीन झेंडूतूनच काढतात, त्याचं कारण ही दाटी.

गाजर मातीखाली वाढतं म्हणून अंधाराचंच पीक वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही: वाढत्या मुळावर उजेड पडला तर कॅरोटीन साठणं मंदावतं, वर्णलवकांच्या जागी हरितलवकं येतात आणि गाजराचा वरचा भाग हिरवा होतो. शेतकरी मातीची भर देतात ती यासाठी. पण 2016 साली गाजराचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा रानटी पांढऱ्या मुळापासून रंगीत गाजराकडे येण्याशी जोडलेलं एक जनुक रंगद्रव्य बनवणारं नव्हतंच. प्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादाशी त्याचा संबंध दिसला. मुळाला जणू उजेडाचा अर्धा भास व्हावा आणि त्याने कॅरोटीन बनवायला घ्यावं, असा तो बदल.

या ज्ञानाची सगळ्यात मोठी कसोटी तांदळात लागली. तांदळाच्या दाण्यात पिठाची लवकं असतात, पण कॅरोटीन नसतं. इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांच्या गटाने 2000 साली डॅफोडिलचं फायटोईन सिंथेज आणि जिवाणूचं एक जनुक घालून सोनेरी दाणा मिळवला. दर ग्रॅममध्ये 1.6 मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइडं, म्हणजे फारच थोडी. घातलेल्या जनुकांच्या हिशेबाने दाणा लाल लायकोपीनचा व्हायला हवा होता. तो पिवळा झाला, कारण पुढची विकरं दाण्यात आधीपासूनच होती. 2005 साली डॅफोडिलऐवजी मक्याचं फायटोईन सिंथेज वापरलं आणि हा आकडा 37 पर्यंत गेला. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने दृष्टी गमावणाऱ्या मुलांसाठी सुरू झालेलं हे काम पुढे न्यायालयांत आणि राजकारणात अडकलं. त्या वादाकडे पाहताना एक शास्त्रीय मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी: दाण्यातलं कॅरोटीन साठवणीत हळूहळू घटतं.

मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेने केळ्यात वेगळी वाट धरली. बाहेरचं जनुक न घालता, जळगावचा शेतकरी जी-नाईन म्हणून ओळखतो त्या ग्रँड नैन वाणात ल्युटीनकडे जाणाऱ्या फाट्यावरचं जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद केलं. 2020 च्या त्यांच्या निष्कर्षांत काही रोपांच्या फळांत बीटा कॅरोटीन सहापटीपर्यंत वाढलेलं होतं.

आणि बटाटा. त्यात फुलकोबीचं ऑर जनुक घातल्यावर गर केशरी झाला, एवढ्यावर ते थांबलं नाही. काढणीनंतर शीतगृहात ठेवलेल्या या बटाट्यांत कॅरोटीन घटण्याऐवजी पुढचे काही महिने वाढतच राहिलं, कारण फायटोईन सिंथेज टिकून होतं आणि बनलेलं द्रव्य सामावून घेणारी लवकं तिथे तयार होती. पिठाच्या लवकात अशी जागा नेमकी कशी निर्माण होते, ती किती भरू शकते आणि तांदूळ-ज्वारीच्या दाण्यात तसं घडवता येईल का, याच प्रश्नांवर आता या विषयातली माणसं काम करत आहेत.